तीन पिशव्या, एका मुलाचं वर्षभराचं जेवण

ग्लासगोत आमच्या मंडळाचा गणपती भाड्याच्या हॉलमध्ये बसतो. आरती झाली की प्रसादाची रांग लागते, आणि प्रसाद हातात पडला की सगळे फिरून एकाच जागी येतात: चपला काढून ठेवलेल्या दाराशी. माझं टेबल तिथे असतं. गेली सहा वर्षं मी त्या टेबलावर जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या विकते आणि जमलेले पैसे आफ्रिकेतल्या मलावी देशात, शाळेतल्या मुलांच्या जेवणासाठी पाठवते. दरवर्षी दोघी-तिघी विचारतात, "ताई, आम्हालाही आमच्या गावात असं काही करायचंय, कुठून सुरुवात करू?" फोनवर अर्धा तास बोलूनही निम्मं राहून जातं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

पैसे कुणाला जाणार हे आधी

बहुतेक जण "काय विकू?" इथून सुरू करतात. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, पैसे कुणाच्या ताटात पडणार.

माझं माहेर माण तालुक्यातलं. १९७२च्या दुष्काळात आई वीस वर्षांची होती. माझा थोरला भाऊ तेव्हा अंगावर पीत होता, त्याला झोळीत टाकून ती खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, आणि रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो. त्या ज्वारीची भाकरी थापताना फाटायची, चवीलाही बरी नव्हती, पण चूल पेटायची, असं आई आजही सांगते.

"वहिनी, आपल्याकडे काय भूक कमी आहे का, की तुम्ही तिकडे पाठवताय?" हा प्रश्न मला टेबलावर हमखास येतो. प्रश्न रास्त आहे, त्यावर चिडू नये. मी एवढंच सांगते की माझ्या आईच्या ताटातल्या भाकरीचं धान्य जहाजातून आलं होतं, आणि ते पिकवणाऱ्या शेतकऱ्याने माण तालुक्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. गावाकडे पाठवायचं ते मी वेगळं पाठवते. दोन्ही चालतं.

मी निवडलेली संस्था मेरीज मील्स. ती इथलीच, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या डॅलमॅली गावची. मॅग्नस मॅकफार्लेन-बॅरो आणि त्यांच्या भावाने १९९२ साली युद्धात होरपळलेल्या बोस्नियासाठी पांघरुणं आणि अन्न गोळा केलं आणि वडिलांच्या शेडमध्ये साठवलं, तिथून हे काम उभं राहिलं. २००२ साली मलावीत दुष्काळ असताना मॅग्नस एका घरी गेले. आई मरणपंथाला लागलेली, भोवती सहा मुलं. थोरल्या चौदा वर्षांच्या एडवर्डला त्यांनी विचारलं, तुला आयुष्यात काय हवं? पोटभर खायला मिळावं आणि एक दिवस शाळेत जाता यावं, असं तो म्हणाला. त्याच वर्षी मलावीतल्या २०० मुलांना शाळेत जेवण सुरू झालं. आज ही संस्था अनेक देशांत मिळून रोज २० लाखांहून जास्त मुलांना शाळेत जेवू घालते. त्या देशांत भारतही आहे, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच असतो.

त्याच्याही पुढचा प्रश्न नावाचा. "मेरी म्हणजे धर्मप्रसार तर नाही ना?" संस्थापक कॅथलिक आहेत, नाव मेरीमातेवरून घेतलेलं आहे, आणि जेवण कुठल्याही धर्माच्या मुलाला मिळतं. हे तिन्ही मी एका दमात सांगते. लपवायला गेलं की संशय वाढतो.

तुम्ही वेगळी संस्था निवडा, हरकत नाही. फक्त तीन गोष्टी बघा. तिचा नोंदणी क्रमांक सरकारी यादीत सापडतो का: स्कॉटलंडमध्ये 'ऑस्कर' या नियामकाकडे, इंग्लंड-वेल्समध्ये चॅरिटी कमिशनकडे, आपल्याकडच्या धर्मादाय आयुक्तांसारखंच. तिचे गेल्या वर्षीचे हिशोब वाचायला मिळतात का. आणि एका मुलाला जेवू घालायला किती खर्च येतो, ते ती स्पष्ट सांगते का. तिसरी गोष्ट विकणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची, कारण किंमत ठरवताना तिचाच आधार आहे.

मग संस्थेला एक ईमेल टाका: मी अमुक दिवशी अमुक वस्तू तुमच्या मदतीसाठी विकणार आहे. संस्थेचे लोक पत्रकं पाठवतात, कधी फलक देतात. त्यांचं बोधचिन्ह मात्र लेखी परवानगीशिवाय तुमच्या मालावर छापू नका. 'मेरीज मील्सच्या मदतीसाठी' असं लिहा. 'मेरीज मील्सचा स्टॉल' असं लिहू नका. तुम्ही त्यांच्या नोकर नाही, त्यांच्यासाठी झटणाऱ्या आहात, आणि हा फरक गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे.

माझं पहिलं वर्ष

पहिल्या वर्षी मी टी-शर्ट छापले. सगळे तेच करतात म्हणून मीही केले. शंभर नग घेतले तर साडेचार पौंडाला एक पडणार होता, पन्नास घेतले तर सहाला. मी शंभर घेतले. माल आला तो गणपतीच्या दोन दिवस आधी, मागच्या मजकुरातली एक वेलांटी चुकलेली, आणि निम्म्याहून जास्त शर्ट मोठ्या मापाचे. परत करायला वेळ नव्हता. बारा पौंड किंमत लावली. ३८ विकले गेले, ४५६ पौंड आले. छपाईचे ४५० गेले होते.

तीन आठवड्यांची धावपळ, आणि मलावीतल्या मुलाच्या कपात सहा पौंड. उरलेले ६२ शर्ट दोन वर्षं पलंगाखाली होते. बाकीच्या सगळ्या सूचना विसरलात तरी चालेल, ही ठेवा: आधी पैसे गुंतवावे लागतील असा माल पहिल्या वर्षी घेऊ नका. तारीख, माप किंवा मजकूर असलेली कुठलीही वस्तू उरली की ती कुणाच्या कामाची नसते. शर्टच हवे असतील तर आधी मागणी आणि पैसे घ्या, मग तेवढेच छापा.

दुसऱ्या वर्षी मी घरात आणि ओळखीत काय आहे ते बघितलं. प्रत्येक मराठी घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात चार-पाच सुती साड्या असतात. नेसवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. मला शिवता येतं. इथल्या दुकानात पिशवीला पैसे पडतात, त्यामुळे घरातून पिशवी घेऊन निघायची सवय सगळ्यांना आहे. हे तिन्ही जुळलं. तुमच्याकडे जुळणारं वेगळं असेल. लोणची असतील, मेंदी असेल, कुणाकडे कुंड्यांतली कढीपत्त्याची रोपं असतील. (कढीपत्त्याचं रोप इथे हातोहात जातं, थंडीत घरात जगवता आलं तर.) विचारायचं एवढंच, की ही वस्तू मदतीचं नाव न घेता मांडली असती तरी कुणी घेतली असती का? नाही असं उत्तर आलं तर ती विकू नका. दयेपोटी माणूस एकदा घेतो. आवडली म्हणून घेतो तो पुढच्या वर्षी बहिणीसाठीही घेतो.

पिशवी

साडी सुतीच हवी. इरकल, नारायणपेठ, साधी खादी, बंगाली तांत, काहीही. सिंथेटिक साडीची पिशवी खांद्यावरून घसरते आणि शिवणीत सरकते. आलेली साडी आधी गरम पाण्यात धुवायची, म्हणजे आटायची ती आटते आणि रंग जायचा तो जातो. मग खिडकीसमोर उजेडात धरून बघायची. बसून बसून मधला भाग विरलेला असतो, तो उजेडात जाळीसारखा दिसतो. तिथे खडूने फुली मारायची आणि तेवढा तुकडा बाजूला काढायचा. त्याचं मी पायपुसणं करते.

उरलेल्या साडीचे साधारण ९२ सेंटिमीटर लांब आणि ४३ सेंटिमीटर रुंद असे तुकडे पडतात. पन्ह्यात दोन बसतात, आणि काठाकडची पट्टी बंदांना उरते. एकेरी कापड ओझं धरत नाही, म्हणून पिशवी दुहेरी शिवायची: एका पिशवीला दोन तुकडे. अशा एका साडीत चार पिशव्या होतात, साडी चांगली असली तर पाच. काठाची पट्टी चौपदरी दुमडून बंद करायचे. बंद जिथे पिशवीला जोडला जातो तिथे चौकोन शिवायचा आणि चौकोनात फुली. पिशवी फाटते ती नेहमी तिथेच.

प्रत्येक घाण्यातली एक पिशवी मी पाच किलो आट्याचं पुडकं घालून रात्रभर दाराच्या मुठीला टांगते. सकाळी शिवण उसवली असेल तर सगळ्यांचे बंद पुन्हा घालते. मागे एकदा घाईत हे केलं नाही आणि एका काकूंची पिशवी बसस्टॉपवर फाटली, दह्याचा डबा फुटला. मी त्यांना पिशवी बदलून दिली, दह्याचे पैसे दिले. मदतीचा माल आहे म्हणून कच्चा असला तरी चालतो, असं घेणाऱ्याला वाटता कामा नये.

आतल्या बाजूला एक छोटं कापडी लेबल शिवते. त्यावर साडी कुणाची, कुठली, एवढंच: 'इरकल, सोलापूरच्या आजींची'. नाव लिहीत नाही, गाव लिहिते. लोक पिशव्या उलट्या करून लेबलं वाचत उभे राहतात. गेल्या वर्षी एक आजी म्हणाल्या, "अगं, ही माझ्या गावची आहे की!" आणि त्यांनी तीच घेतली, रंग बघितलाही नाही.

किंमत

मेरीज मील्सला एका मुलाच्या शाळेतल्या वर्षभराच्या जेवणाला साधारण २० पौंड लागतात. शाळेच्या एका दिवसाचे साधारण १० पेन्स होतात. स्कॉटलंडमध्ये २०२१पासून दुकानातल्या पिशवीला कमीत कमी १० पेन्स पडतात. विसरून आलेल्या एका पिशवीत एका मुलाचं एका दिवसाचं जेवण आहे, हे मला पहिल्यांदा दुकानाच्या रांगेत उभी असताना सुचलं, आणि त्यानंतर पिशवी सोडून दुसरं काही विकावंसं वाटलं नाही.

किंमत अशी ठरवली. पिशवी ८ पौंडांना. दोरा, लेबल, सुया, मशीनची वीज आणि कार्ड मशीनवाल्यांचे पावणेदोन टक्क्यांच्या आसपासचे पैसे, असा सगळा खर्च मी १ पौंड धरते. उरले ७. तीन पिशव्यांचे २१. म्हणून टेबलावर पुठ्ठ्याची एकच पाटी असते: 'तीन पिशव्या = एका मुलाचं शाळेतलं वर्षभराचं जेवण'. खाली बारीक अक्षरात: 'खर्च वजा जाता प्रत्येक पिशवीचे ७ पौंड पोचतात.'

आकडा वस्तूशी बांधायची ही कल्पना माझी नाही. २००७ साली अमेरिकेत लॉरेन बुश यांनी 'फीड' नावाच्या पिशव्या काढल्या. पहिल्या पिशवीवर १ हा आकडा होता: ही एक घेतलीत की एका मुलाला शाळेत वर्षभर जेवण, संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत. माणसाला 'भूकनिवारणासाठी' या शब्दाचं काही होत नाही. तीन आणि एक हे कळतं. एक पिशवी घ्यायला आलेले तिघींची नावं मोजायला लागतात: एक मला, एक आईला, एक शेजारच्या मार्गारेटला.

घासाघीस होतेच. "दोन घेतल्या तर पंधरा करा ना." मी करत नाही, आणि का करत नाही ते सांगते: तो एक पौंड म्हणजे दहा दिवसांचं जेवण. आवाज न चढवता सांगायचं. आजवर एकही जण यावर रागावून गेलेला नाही.

फराळ विकायचा असेल तर

दिवाळीत पिशव्यांपेक्षा फराळाला मागणी. मी पहिल्यांदा नुसते डबे भरून मांडले होते आणि एका आईने विचारलं, "यात शेंगदाणे आहेत का?" चिवड्यात होते, दिसत होते. चकलीत नव्हते, पण तळण एकच होतं. तिच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी. मी सांगितलं म्हणून ती थांबली. तिने विचारलंच नसतं तर?

ब्रिटनमध्ये १४ पदार्थ ॲलर्जीचे म्हणून ठरलेले आहेत, आणि आपल्या फराळात त्यातले निम्मे सहज असतात: शेंगदाणे, काजू-बदाम, तीळ, मोहरी, दूध, गहू, सोयाबीन. शंकरपाळ्यात मैदा आणि दूध. तुपातलं काहीही म्हणजे दूध. चिवड्याच्या फोडणीत मोहरी. सगळ्यात फसवा हिंग: बाजारच्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे भाजणीत गहू न घालताही चकली 'गहू नाही' म्हणून देता येत नाही. हिंगाची डबी उलटी करून वाचा. प्रत्येक पाकिटावर सगळे घटक लिहा, ॲलर्जीचे ठळक अक्षरात. नैतिक जबाबदारी म्हणूनच लिहा, नियम तुमच्या छोट्या विक्रीला लागू होतो की नाही हा वाद घालत बसू नका.

कोरडं तेवढंच विका. ओल्या नारळाच्या करंज्या, दही, पनीर नको. वर्षातून एखाद्या वेळी मदतीसाठी विकलं तर सहसा नोंदणी लागत नाही, पण दर महिन्याला डबे द्यायला लागलात तर तो धंदा झाला आणि स्थानिक कौन्सिलकडे अन्न-व्यवसायाची नोंद करावी लागते. शंका असेल तर कौन्सिलला आधीच फोन करा. आमच्याकडे तरी ते नीट उत्तर देतात.

टेबल

जागा चपलांजवळ, हे सांगितलंच. दुसरी चांगली जागा चहाच्या रांगेला लागून. स्टेजसमोर नको, तिथे लोक मुलांचे नाच बघायला आलेले असतात. हॉलच्या बाहेर रस्त्यावर मांडायचं असेल तर कौन्सिलची परवानगी लागते. हॉलच्या आत मंडळाची आणि हॉलवाल्यांची.

टेबलावर मी रडणाऱ्या, हाडं दिसणाऱ्या मुलांचे फोटो लावत नाही. आईचा दुष्काळातला तसा फोटो कुणी टेबलावर लावलेला मला चालला नसता. त्याऐवजी तीन बरण्या ठेवते: मक्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, साखर. शेजारी एक प्लास्टिकचा मग. मलावीत मुलांना मिळते ती 'लिकुनी फाला', मका आणि सोयाची जीवनसत्त्वं घातलेली लापशी, ती याच तीन गोष्टींची. शाळेच्या आवारातल्या स्वयंपाकघरात गावातल्याच आया, आज्या पाळीपाळीने भल्या पहाटे मोठ्या पातेल्यात ती घाटतात आणि मुलं आपापला मग घेऊन रांगेत येतात.

लहान मुलं बरण्यांची झाकणं उघडून वास घेतात, आणि त्यांच्यामागे आईवडील येतात. मग मी सांगते: तिथे मका एप्रिलच्या सुमाराला निघतो, जानेवारी ते मार्च कणग्या रिकाम्या. २०२३च्या मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळ आलं, पुढच्या वर्षी एल निनोमुळे पावसाने ओढ दिली आणि मार्च २०२४मध्ये देशातल्या २८पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर झाली. अशा वेळी मुलाला शाळेत पाठवायचं की रानात, हे घरच्यांना ठरवावं लागतं. शाळेत मगभर लापशी मिळणार असेल तर ते शाळेत पाठवतात. एवढं बोलायला दीड मिनिट लागतं. त्याहून जास्त बोलू नका, प्रसाद गार होतो.

या बरण्यांचा फोटो मी आईला पाठवला होता. तिने फोन करून एकच विचारलं, "त्या पोरांना गरम मिळतं का गं?" मिळतं म्हटलं. "मग बरं. आम्हाला सुकडी हातावर मिळायची, कोरडी."

विक्री वेगळी, देणगी वेगळी

इथे बहुतेकांची चूक होते, माझीही झाली. ब्रिटनमध्ये 'गिफ्ट एड' अशी सोय आहे: कर भरणाऱ्याने संस्थेला १ पौंड दान दिला की संस्थेला सरकारकडून वर २५ पेन्स मिळतात. ऐकायला सोपं. दुसऱ्या वर्षी मी विक्रीचे सगळे पैसे माझ्या कार्डावरून ऑनलाइन भरले आणि गिफ्ट एडच्या चौकटीत खूण केली. ते चुकीचं होतं, दोन कारणांनी. वस्तूच्या बदल्यात दिलेले पैसे म्हणजे दान नव्हे. आणि दुसऱ्यांकडून गोळा केलेले पैसे माझं दान म्हणून दाखवता येत नाहीत. लक्षात आल्यावर संस्थेला लिहून ती खूण काढायला लावली. त्यांनी आभारच मानले, पण मला रात्रभर झोप नव्हती.

आता माझ्याकडे दोन डबे असतात. स्टीलचा डबा विक्रीचा. त्यातल्या पैशावर गिफ्ट एड नाही, विषय संपला. दुसरा पितळी, देणगीचा, आणि त्याच्याजवळ गिफ्ट एडचे छापील लिफाफे. कुणी दहाची नोट देऊन "वरचे राहू द्या, ताई" म्हणालं की मी विचारते, "दादा, इथे कर भरता ना? मग वरचे दोन पौंड या लिफाफ्यात घाला आणि नाव-पत्ता लिहा." दोनाचे अडीच होतात. मागे रांग असली तरी लिफाफ्याला वेळ द्या. पिशवीच्या किमतीतच "आठपैकी तीन दान समजा" असं मात्र करता येत नाही. देणगी ही स्वखुशीची, वस्तू न घेताही देता येईल अशी हवी.

ज्यांचं स्वतःचं दुकान किंवा ऑनलाइन धंदा आहे आणि ज्यांना "प्रत्येक विक्रीतले अमुक पैसे संस्थेला" असं जाहीर करायचं आहे, त्यांच्यासाठी नियम कडक आहेत. संस्थेशी लेखी करार हवा आणि नेमके किती पैसे जाणार ते गिऱ्हाइकाला सांगायला हवं. 'नफ्यातला काही भाग' असं मोघम लिहू नका. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही, आणि न कळणं हीच फसवणुकीची सुरुवात असते.

दूरची गिऱ्हाइकं आणि भारतातला माल

पोस्टाने पाठवायची असेल तर पिशवी इस्त्री करून चपटी घडी घाला. जाडी अडीच सेंटिमीटरच्या आत राहिली तर ती 'लार्ज लेटर' म्हणून जाते, पार्सलचा खर्च वाचतो. पोस्टाचे पैसे गिऱ्हाइकाकडून वेगळे घ्या, सातातून कापू नका.

भारतातून येताना बॅगेत चाळीस तोरणं कोंबून आणायची कल्पना सगळ्यांना सुचते. विकायला आणलेला माल हा व्यापारी माल, तो विमानतळावर जाहीर करावाच लागतो, भेटवस्तूंची सवलत त्याला नाही. रीतसर मागवा. आणि गावाकडच्या बचत गटाकडून घेत असाल तर त्या बायकांना पूर्ण दाम द्या. "चांगल्या कामासाठी आहे, जरा कमी करा" असं त्यांना म्हणू नका. मलावीच्या मुलाचं जेवण साताऱ्याच्या बाईच्या मजुरीतून कापलेलं नको.

हिशोब

कार्यक्रम संपला की त्याच हॉलमध्ये, खुर्च्या उचलायच्या आधी, दोघींनी मिळून पैसे मोजायचे. एकटीने कधीच नाही, कितीही दमलात तरी. कागदावर आकडा, दोघींची सही, कागदाचा फोटो. पैसे घरी पडून राहू देऊ नका. मी तिसऱ्या दिवशी भरते आणि आठवड्याच्या आत मंडळाच्या ग्रुपवर चार ओळी टाकते. गेल्या गणपतीच्या अशा होत्या:

पिशव्या विकल्या ६६, जमा ५२८ पौंड.
खर्च ६६ पौंड, पावत्या माझ्याकडे, कुणीही बघाव्यात.
पाठवले ४६२ पौंड. २३ मुलांचं वर्षभराचं जेवण.
देणगीचे लिफाफे वेगळे, ८७ पौंड, संस्थेकडे बंदच दिले.

खाली संस्थेच्या पावतीचा फोटो. वर्षभर कुणी मला काही विचारत नाही, पण मार्चमध्ये कुणाच्या तरी कपाटाची आवराआवर होते आणि निरोप येतो, "ताई, आईच्या चार साड्या आहेत, येऊन जाल का?" मी जाते. चहा होतो, प्रत्येक साडी कधी घेतली, कुणाच्या बारशाला नेसली, ते ऐकून घेते. एखादी परत कपाटात जाते, तिचा आग्रह धरत नाही.

यंदाच्या गणपतीसाठी ९० पिशव्या करायच्या ठरवल्या आहेत, म्हणजे बावीस-तेवीस साड्या लागतील. सतरा आल्या आहेत. ग्लासगोच्या आसपास कुणाला द्यायच्या असतील तर सुती द्या, धुऊन द्या, आणि फॉल उसवून दिलात तर माझा साडीमागे अर्धा तास वाचेल.